हलकी स्प्रिंग

मैदानाच्या मालकाची एकच अट होती, बंदुकीला बंदूक म्हणायचं नाही. मार्कर म्हणायचं. बंदूक म्हटलं की आईबाप बिचकतात आणि पोरांचे वाढदिवस दुसरीकडे जातात, असं त्याचं गणित. फाटकावरच्या पाटीवर त्यानं तसं ठळक लिहूनही घेतलं होतं. पाटी सोडली तर ही अट कोणी पाळली नाही, आणि मालकाचं स्वतःचं डोकं सटकलं की त्याच्या तोंडून पहिला शब्द बंदूकच यायचा.

मैदान म्हणजे बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा. पिंपं, टायर, प्लायवुडच्या भिंती आणि सगळ्यावर जुन्या रंगाचे डाग. सुटीच्या दिवशी तोंडाला मुखवटे लावलेली मोठी माणसं तिथे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडत लहान व्हायची. कडेला एक लोखंडी कंटेनर होता. त्याला खिडकी कापून आत लांब टेबल टाकलेलं. तिथे बिघडलेल्या बंदुका दुरुस्त व्हायच्या, आणि त्या करणाऱ्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. बंदूक हातात आली की तो आधी ती कानाशी धरायचा. आतला व्हॉल्व्ह कुठे फुसफुसत असेल तर ते डोळ्यांआधी कानाला कळतं. मान तिरकी करून, डोळे मिटून तो ऐकत बसला की समोरचं गिऱ्हाईकही नकळत श्वास रोखून धरायचं. त्यातूनच हे नाव पडलं आणि चिकटलं, घरीसुद्धा.

घरी म्हणजे दादाच्या घरी, डॉक्टरचं बिऱ्हाड वेगळं होतं. दादा त्याचा थोरला भाऊ, चांगला बारा वर्षांनी मोठा. सायकल चालवायला, पोहायला आणि शिव्या द्यायला त्याला दादानंच शिकवलं होतं, आणि तिन्हींत धाकटा थोरल्याच्या पुढे कधी गेला नाही. दादा परांच्या बांधायचा. इमारत वर चढत जाते तसा तिच्याभोवती पाइपांचा सांगाडा चढत जातो, ते त्याचं काम. पाइपाला पाइप लावायचा, सांध्यावर क्लॅम्प बसवायचा आणि पान्यानं तो कचकून आवळायचा. मग त्यावर फळ्या पडणार, आणि फळ्यांवर माणसं उभी राहणार. दादा डावखुरा होता, पाना डाव्या हातात. त्या हातानं आवळलेला क्लॅम्प सोडवायला दोघं लागतात, असं साइटवर बोललं जायचं, आणि दादाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललं जायचं.

सुटीच्या दिवशी मात्र तो मैदानावर, आणि त्याची बंदूक पंपाची. हल्लीच्या बंदुका बॅटरीवर चालतात. बोट हलवत राहायचं, गोळ्या सुटत राहतात, डोक्याला ताप नाही. पंपाची बंदूक जुन्या वळणाची. एक पंप, एक गोळी. नळीखालची मूठ मागे ओढली की वरून एक गोळी आत पडते, आणि आतला हातोडा आपली स्प्रिंग दाबत मागे जाऊन खटक्याला अडकतो. मूठ पुढे सारली की नळी बंद. घोडा दाबला की खटका सुटतो, हातोडा व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह हवेचा एक घोट सोडतो आणि गोळी निघते. दादा घोड्यावर उजवं बोट ठेवायचा आणि पंप आपल्या ताकदीच्या हातानं, डाव्यानं मारायचा. तोही इतक्या झपाट्यानं, की बॅटरीवाले मालकाकडे तक्रार घेऊन जायचे. मालक म्हणायचा, त्याच्या हातातच बॅटरी आहे, ती काढून घ्यायचा नियम माझ्याकडे नाही.

पावसाळा संपून मैदान वाळलं, तेव्हा एका दुपारी दादा कंटेनरमध्ये आला. बंदूक टेबलावर ठेवली आणि म्हणाला की पंप जड झालाय.

पंप जड होण्याची कारणं ठरलेली असतात. मुठीची दांडी वाकते, रबराची ओ-रिंग कोरडी पडते, हातोड्यावर ओरखडा येतो, स्प्रिंग कुठेतरी मुरगळते, नाहीतर आत जुन्या रंगाचा थर साचतो. डॉक्टरनं बंदूक पार मोकळी केली. दांडी काचेवर लोळवून पाहिली, सरळ होती. ओ-रिंग नरम, तेलाळ. हातोड्यावर नख फिरवलं, कुठे अडलं नाही. सगळं जागच्या जागी. आता खरं तर एवढंच म्हणायचं होतं की बंदुकीला काही झालेलं नाही. पण कारागिराच्या तोंडून ‘काही नाही’ निघायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. गिऱ्हाईक सांगतंय दुखतंय, आणि आपण म्हणायचं दुखत नाही? त्यातून गिऱ्हाईक म्हणजे दादा.

म्हणून त्यानं हातोड्यामागची स्प्रिंग काढून एक हलकी घातली. पंप हलका झाला, पण हातोडा आता व्हॉल्व्हवर मरतुकडा आपटायला लागला आणि गोळी निम्म्या वाटेत मान टाकायला लागली. मग त्यानं व्हॉल्व्हच्या आतली स्प्रिंगही हलकी केली, म्हणजे कमी ठोक्यातही तो उघडेल. गोळीला अंगासरशी बसणारी बारीक नळी लावली, म्हणजे हवा वाया जाणार नाही. एकीकडे सोडायचं आणि दुसरीकडे आवळायचं, ट्यूनिंग म्हणजे हाच उद्योग. वेग मोजायच्या यंत्रासमोर गोळ्या झाडून झाडून त्यानं आकडा होता तिथे परत आणला. दादानं दोन-चार पंप मारले आणि खूश होऊन त्याच्या पाठीत एक धपका घातला. लोणी आहे लोणी, म्हणाला. डॉक्टरच्या अंगावर दिवसभर मूठभर मांस चढलेलं होतं.

थंडीत दादा पुन्हा आला. पंप पुन्हा जड झालाय म्हणाला.

या वेळी डॉक्टरनं सामानाच्या पिशव्या तोलायचा आकड्याचा काटा घेतला, मुठीत अडकवला आणि ओढून पाहिला. मग टेबलावर पडलेल्या दुसऱ्या पंपाच्या बंदुका ओढून पाहिल्या. दादाची सगळ्यांत हलकी निघाली, जवळजवळ निम्म्यानं. काटा खोटं बोलत नव्हता. त्यानं दादाला म्हटलं, जरा माझ्यासमोर मार बरं. दादानं मारला. डॉक्टरची नजर आजवर अशा वेळी बंदुकीवर असायची. आज पहिल्यांदा ती हातावर गेली.

मुठीवर बोटं चार दिसत होती, पण धरत होती दोनच. बाकीची दोन नुसती सोबत करत होती. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये मांसाचा जो फुगीर गड्डा असतो, तो बसला होता. तिथे खळगा पडला होता. आणि त्या खळग्यात, कातडीखाली, काहीतरी बारीक बारीक फडफडत होतं. दादाला त्याचा पत्ताही नव्हता. आजाराचं नाव डॉक्टरला ठाऊक नव्हतं, पण बिघाड कुठे आहे ते कळायला नाव लागत नाही.

तो म्हणाला, व्हॉल्व्हची बैठक खराब झालीय, ठेवून जा.

खोटं बोलताना माणूस आपल्या धंद्याची भाषा वापरतो, म्हणजे ऐकणाऱ्याला उलटून विचारता येत नाही. दादा बंदूक ठेवून शीळ घालत निघून गेला आणि डॉक्टर टेबलाशी बसून राहिला. दादाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझा हात चाललाय म्हणून? आणि सांगणारे आपण कोण, आपण काय खरे डॉक्टर आहोत? थंडीनं आखडला असेल. वयही झालंय. उन्हाळ्यात येईल ताळ्यावर. असं बरंच काही त्यानं स्वतःला सांगितलं, आणि त्या सगळ्याच्या बुडाशी भेकडपणा होता. दादाचा चेहरा पडलेला त्याला बघवला नसता, एवढीच खरी गोष्ट.

दोन दिवसांनी वहिनी कंटेनरमध्ये आली. दादाची बायको कधी मैदानाची पायरी चढलेली नव्हती. मोठ्या माणसांनी चिखलात लोळायचं आणि वर त्याचे पैसे द्यायचे, हे तिच्या बुद्धीला कधी पटलं नाही. ती एका शाळेत साफसफाईचं काम करायची, तिथूनच तशीच आली होती, अंगाला फिनेलचा वास होता. डॉक्टरनं स्टूल पुढे केलं तर बसली नाही. दादाला शर्टाची वरची गुंडी लावता येत नाही, म्हणाली. बरणीचं झाकण तो पोरीकडे देतो आणि म्हणतो, बघू तुझ्यात किती दम आहे. खऱ्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर हसण्यावारी नेतो, घरात डॉक्टर असताना बाहेर रांग कशाला लावू म्हणतो.

“भावजी, मला तुमच्या यंत्रातलं काही कळत नाही,” ती म्हणाली. “ते म्हणतात बंदूक बिघडलीय, तुम्ही नीट केलीत की हात झकास चालेल. तुम्ही उघडून बघितलीत ना? बिघाड बंदुकीत आहे की हातात?”

“बंदुकीत,” डॉक्टर म्हणाला.

वहिनीनं एक मोठा श्वास सोडला. मग ती स्टुलावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली की आता कुठे जिवात जीव आला. जाताना तिनं त्याला रात्री जेवायला यायला सांगितलं. तो गेला नाही. काम आहे असा निरोप धाडला आणि ते खरंही होतं. त्यानं दादाच्या बंदुकीत होती त्याहून हलकी स्प्रिंग घातली. खटक्याची धार घासली, हातोडा पोखरून त्याचं वजन कमी केलं, मूठ परतताना आपणहून पुढे यावी म्हणून तिच्यामागे एक लहान स्प्रिंग बसवली. त्याच्या हातून आजवर झालेलं सगळ्यांत नाजूक काम होतं ते. याच्यापुढे केसभर हलकं केलं असतं तर व्हॉल्व्ह उघडलाच नसता. आता तो पंप शाळेतली पोर करंगळीनं ओढू शकली असती.

दादा तर हवेतच गेला. साइटवर एक-दोघं कुजबुजायला लागले होते की दादाच्या हातून पाना निसटतो. त्या सगळ्यांना त्यानं मैदानावर आणलं, मुकादमालाही, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पंप मारून अख्खं पिंप रंगवून काढलं. या हाताला काय झालंय, बोला, म्हणाला. मुकादमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नव्या उंच इमारतीची परांची त्याच्याच हाती दिली. डॉक्टर कंटेनरच्या दारातून हे बघत होता. पुढे जाऊन तोंड उघडावं असं त्याला वाटलं. वाटलं आणि तिथेच राहिलं.

भर उन्हाळ्यात त्या इमारतीवरून गवंडी पडला.

गवंडी म्हणजे परका नव्हे. दादाचा जुना दोस्त. दादानं बांधायचं आणि त्यानं वर उभं राहून भिंतीला गिलावा करायचा, असं दोघांचं वीसएक वर्षं चाललेलं. गवंडी कामाला लागला की बेसूर गात राहायचा, आणि दादा खालून ओरडायचा की भिंतीला तडे जातील. त्या दिवशी वरच्या सांध्यावरचा एक क्लॅम्प सुटला, पाइप सरकला, फळी कलली आणि गवंडी खाली आला. जीव वाचला. पाय मात्र दोन्ही कापावे लागले.

चौकशीला साहेब आले. त्यांनी क्लॅम्प हातात घेऊन पाहिला. तुटलेला नाही, झिजलेला नाही. म्हणजे दोनच गोष्टी शक्य आहेत, म्हणाले. एक तर तो नीट आवळला नव्हता, नाहीतर कोणीतरी मागाहून सैल केला. गवंडी लोक कधी कधी करतात तसं, आडवा पाइप थापीच्या आड आला की क्लॅम्प सोडून तो जरा सरकवतात. साहेबांनी दादाला विचारलं. दादानं छातीला हात लावून सांगितलं की तो सांधा मी स्वतः बांधला, आणि माझ्या हातचा क्लॅम्प आपोआप सुटत नाही. मुकादमानं मान डोलावली. पंप मारतानाचा दादा त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. दादा खोटं बोलत नव्हता, दुःख आहे ते हेच. सोमवारी पुन्हा सगळ्यांना बोलावलं होतं. सोमवारी दादानं तेच सांगितलं की दोष गवंड्याच्या माथी बसणार आणि कंपनी हात झटकून मोकळी होणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

शनिवारी डॉक्टर गवंड्याला बघायला गेला. लांबलचक वॉर्ड, पांढऱ्या रंगाच्या खाटा, पंख्याची घरघर. गवंड्याचे खांदे आणि दंड तसेच होते, गिलावा करणाऱ्याचे, भरलेले. चादर मात्र कमरेखाली सपाट पडली होती. त्यानं डॉक्टरला बसायला लावलं, दादा कसा आहे विचारलं. दादा जेवत नाही असं ऐकलंय, त्याला सांग जेवायला, म्हणाला.

“मी त्या क्लॅम्पला हात लावल्याचं मला आठवत नाही रे,” तो म्हणाला. “किती डोकं खाजवलं, नाही आठवत. पण तुझ्या दादाचा क्लॅम्प असा सुटत नाही. इतकी वर्षं मी त्याच्या बांधण्यावर उभा राहिलोय. मग मीच सोडला असणार. पाइप आड आला असेल, सैल केला असेल, आणि परत आवळायचं विसरलो असेन. बायकोलाही तेच सांगितलं. म्हटलं, त्याच्यावर राग धरू नकोस.”

डॉक्टर उठला. बाहेर जिन्यात आला आणि कठड्याला धरून उभा राहिला. पाय गेले तो माणूस आता स्वतःच्या आठवणीतही ढवळाढवळ करत होता, का, तर दादाच्या हातावर त्याचा भरवसा होता. आणि दादाचा स्वतःच्या हातावर भरवसा होता तो बंदुकीमुळे. आणि बंदूक तशी कोणी केली होती? दादाच्या घरी जाऊन सरळ सांगावं, असं त्यानं जिन्यातच ठरवलं. पण सांगून दादा ऐकणार नव्हता. तो बंदूक उचलून दोन पंप मारणार आणि म्हणणार, हे बघ, लोणी. कोणाच्याही शब्दापेक्षा ती बंदूक मोठी झाली होती.

म्हणून रविवारी सकाळी त्यानं दादाची बंदूक टेबलावर उघडली आणि आपलं सगळं काम एकेक करून उलटं केलं. मुठीमागची लहान स्प्रिंग काढली. पोखरलेला हातोडा काढून नवा घातला. खटका बदलला. व्हॉल्व्हला त्याची नेहमीची स्प्रिंग दिली आणि हातोड्यामागे कारखान्यातून येते तशी, कोऱ्या पाकिटातली स्प्रिंग बसवली. कुठे काही ट्यूनिंग नाही, कसली करामत नाही. पुस्तकात दाखवतात तशी बंदूक.

दुपारी दादा आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. खेळायला आलो नाही, म्हणाला, घरात बसवत नाही म्हणून आलो. डॉक्टरनं बंदूक त्याच्यापुढे धरली आणि म्हणाला, एकदा ओढून बघ. दादानं सवयीनं ती घेतली आणि डाव्या हातानं मूठ ओढली. मूठ निम्म्यापर्यंत आली आणि तिथून पुढे आली नाही. त्यानं परत ओढली. दोन बोटं घसरली, मूठ झटक्यात पुढे गेली.

“काय भरलंयस आत?” दादा म्हणाला. “बिघडवलीस की.”

“बिघडवली नाही, दादा. इतके महिने बिघडलेली होती. आज नीट केली.”

दादानं त्याच्याकडे रागानं पाहिलं. मग बंदुकीकडे पाहिलं. कुठे बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे दुरुस्ती करणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही, आणि पाइपांत हयात घालवलेल्या दादालाही सांगावं लागलं नाही. त्यानं बंदूक फिरवून डाव्या हातात धरली आणि उजव्यानं मूठ ओढली. खट्‌कन मागे आली. हातोडा खटक्याला अडकल्याचा आवाज झाला. त्यानं पुन्हा हात बदलला. डाव्यानं मूठ आली नाही. उजव्यानं आली. डाव्यानं नाही. किती वेळा केलं कोणास ठाऊक. शेवटी त्यानं बंदूक टेबलावर ठेवली, उलट्या बादलीवर बसला आणि आपला डावा हात गुडघ्यावर ठेवून बघत राहिला. त्या खळग्यात अजून फडफडत होतं. दादानं तिथे बोट ठेवलं, जसं काही ते थांबणार होतं.

“वरचा सांधा होता तो,” तो म्हणाला. “हात डोक्यावर करून आवळावा लागतो. मला वाटलं, बसला घट्ट. पाना पुढे सरकत नव्हता ना, म्हणून वाटलं बसला. तो जोर संपल्यामुळे सरकत नव्हता होय?”

दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. बाहेर मैदानावर कोणीतरी बाद झालं होतं, त्यावरून आरडाओरडा चालला होता. दादा उठला. डॉक्टरच्या खांद्याला धरून उठला, कारण बादली ठेंगणी होती.

“बरं झालं, आज तरी तुझ्या लक्षात आलं,” तो म्हणाला. “उद्या मी साहेबांपुढे ते खोटं परत बोललो असतो. चल, आधी त्याला सांगू.”

हीच वेळ होती. दादा, माझ्या लक्षात आज नाही आलं, आधीच आलं होतं, असं डॉक्टरनं तिथेच म्हणायला हवं होतं. तो कंटेनरला कुलूप लावण्यात गुंतला. कुलपाला एवढा वेळ लागत नाही.

वॉर्डात भेटीची वेळ संपत आली होती. दादा खाटेपाशी गेला तो बसलाच नाही. उभ्या उभ्या बोलला. क्लॅम्प तू सोडला नाहीस, मी आवळलाच नव्हता, माझ्या हातात जोर राहिलेला नाही आणि मला ते कळलं नाही. चौकशीतही मी हेच सांगणार आहे. एका दमात बोलला. गवंडी त्याच्याकडे बघून हसला. भला माणूस, त्याला वाटलं दादा त्याच्यासाठी दोष अंगावर घेतोय. उगाच काहीतरी बोलू नकोस, म्हणाला, तू जन्मात कधी क्लॅम्प सैल ठेवलायस का? दादानं हो म्हणून मान हलवली. तेव्हा गवंड्यानं आपला हात पुढे केला.

“दाब,” तो म्हणाला.

दादानं डावा हात त्याच्या हातात दिला. गवंडी वाट बघत राहिला.

“दाब की.”

“दाबतोय,” दादा म्हणाला.

गवंड्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं दादाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याजवळचा खळगा चाचपून पाहिला. ओल्या भिंतीत पोकळी कुठे आहे हे चाचपणारा हात होता तो. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकला. गवंड्यानं विचारलं की हे तुला कळलं कधी.

आज, दादा म्हणाला. यानं दाखवलं. यालाही आजच कळलं.

गवंड्यानं मान वळवून डॉक्टरकडे पाहिलं. खाटेच्या पायथ्याशी तो उभा होता, लोखंडी कांब धरून. कारागिराच्या डोळ्यांतून काय सुटतं आणि काय सुटत नाही, हे दुसऱ्या कारागिराला माहीत असतं.

“तू त्याची बंदूक इतके दिवस उघडतोयस,” गवंडी म्हणाला. “तुला आज कळलं?”

दादानंही वळून पाहिलं, नुसतं सहज, भाऊ हो म्हणेल म्हणून. ‘आज’ म्हणायला काही लागत नव्हतं. दादानंच तो शब्द त्याच्यासाठी तयार ठेवला होता. डॉक्टरनं सपाट चादरीकडे पाहिलं.

“थंडीत,” तो म्हणाला.